फुप्फुस-प्रत्यारोपणानंतर नळी लवकर का काढतात?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



 कार्यवाहांनी मला ‘आरोग्याविषयी काहीही बोला’ अशी मोकळीक दिली होती. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी हे विषय अशा सभागृहात अधिक रंगतात, याची मला कल्पना आहे. तरीही मी एक अगदी अरुंद विषय निवडला आहे. फुप्फुसाचे प्रत्यारोपण झाल्यावर रुग्णाच्या श्वासनळीतील नळी शक्य तितक्या लवकर का काढतात, एवढाच तो विषय. त्याला कारण झाला एक दूरध्वनी.

आपल्याच परिचयातील एका कुटुंबातील वडीलधाऱ्या गृहस्थांची दोन्ही फुप्फुसे वाळल्यासारखी कडक होत गेली होती. दोन वर्षे घरात प्राणवायूच्या यंत्राच्या नळीला बांधून घेतल्यासारखे ते जगत होते. अखेरीस दक्षिणेतील एका रुग्णालयात त्यांचे प्रत्यारोपण झाले. शस्त्रक्रिया रात्रभर चालली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या मुलाचा मला दूरध्वनी आला. आवाज कापत होता. “डॉक्टरकाका, अण्णांची नळी काढली हो. शस्त्रक्रियेला अजून एक दिवसही झाला नाही आणि व्हेंटिलेटर काढून टाकला. आमचे पैसे कमी पडतील असं वाटलं का त्यांना? की काही उरलंच नाही?”

त्या मुलाला मी दोष देत नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द आपल्या घराघरांत शिरला तो फार वाईट वाटेने शिरला. ‘व्हेंटिलेटरवर ठेवलं’ म्हणजे काळजाचा ठोका चुकायचा आणि ‘व्हेंटिलेटर काढला’ म्हणजे सारे संपले, असाच अर्थ आपल्या कानांना सवयीचा झाला. यंत्र चालू आहे तोवर आशा आहे, यंत्र म्हणजे थकलेल्या फुप्फुसांना विसावा, ही समजूत आता मनात घट्ट बसली आहे. ती बऱ्याच वेळा खरीही असते. परंतु प्रत्यारोपणाच्या रुग्णाच्या बाबतीत ती अनेकदा उलटी ठरते. ते कसे, हे सांगण्याचा माझा आज प्रयत्न आहे. त्या कुटुंबाची संमती घेऊन, नाव न घेता, हा प्रसंग मी येथे मांडत आहे.

प्रथम या यंत्राविषयी थोडेसे. १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची भयानक साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडाम रुग्णालयात रोज येत होते आणि त्यांतील ऐंशी टक्क्यांहून अधिक दगावत होते. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून नळी घालण्याचा आणि रबरी फुग्याने हवा आत ढकलण्याचा मार्ग सुचविला. पुरेशी यंत्रे नव्हती. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, दिवसरात्र, हाताने फुगे दाबत बसले. मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म त्या विद्यार्थ्यांच्या तळहातांतून झाला. मी स्वतः भूलतज्ज्ञ असल्यामुळे ही कथा सांगताना थोडा अभिमान वाटतो, तो आपण गोड मानून घ्यावा.

या कथेतील ‘हवा ढकलणे’ हे शब्द मात्र लक्षात ठेवावेत. आपण आपला श्वास घेतो तेव्हा बरगड्या वर उचलल्या जातात, पोट आणि छाती यांच्यामधील श्वासपटल खाली सरकते, छातीतील दाब कमी होतो आणि हवा आपोआप ओढली जाते. यंत्र याच्या नेमके उलट करते. ते बाहेरून दाब देऊन हवा आत लोटते. निसर्गाने ओढण्यासाठी घडविलेल्या नाजूक पिशव्यांना ढकलण्याची सवय नसते. जुने, स्वतःचे फुप्फुस हे काही काळ सहन करते. नवे फुप्फुस कोणत्या अवस्थेत आलेले असते, ते पाहू.

मनुष्याच्या फुप्फुसाचे पहिले प्रत्यारोपण डॉ. जेम्स हार्डी यांनी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात ११ जून १९६३ रोजी केले. रुग्ण अठरा दिवस जगला. पुढील वीस वर्षांत जगभर चाळीसहून अधिक प्रयत्न झाले, पण दीर्घकाळ यश कोणालाच आले नाही. अपयशाची कारणे अनेक होती; त्यांत पुन्हा पुन्हा आढळणारे एक होते. जेथे रुग्णाची श्वासनलिका आणि नव्या फुप्फुसाची श्वासनलिका टाके घालून जोडलेली असते, तो सांधाच भरून येत नसे. कॅनडातील टोरांटो जनरल रुग्णालयाच्या डॉ. जोएल कूपर यांच्या चमूने या एका सांध्याचा ध्यास घेतला. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून त्या काळी स्टेरॉइडच्या ज्या मोठ्या मात्रा दिल्या जात, त्यांच्यामुळेच जखम भरत नाही, असे त्यांना आढळले. तेव्हा नव्याने हाती आलेल्या सायक्लोस्पोरिन या औषधामुळे सुरुवातीच्या दिवसांत स्टेरॉइड टाळता येऊ लागले. शिवाय पोटातील आतड्यांवर पसरलेला चरबीचा पातळ पदर वर ओढून त्यांनी त्या सांध्याभोवती गुंडाळला, जेणेकरून त्याला रक्त मिळावे. ७ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यांनी केलेल्या प्रत्यारोपणाचा रुग्ण सहा वर्षांहून अधिक काळ जगला. पुढे १९८६ मध्ये याच चमूने दोन्ही फुप्फुसे बसविण्यात यश मिळविले.

आज तो चरबीचा पदर सहसा गुंडाळावा लागत नाही, परंतु सांध्याचे दुखणे मुळात तेच आहे. श्वासनलिकेच्या भिंतीला रक्त पुरविणाऱ्या बारीक धमन्या प्रत्यारोपणात बहुधा जोडल्या जात नाहीत. फुप्फुसातून मागे झिरपणाऱ्या अल्पशा रक्तावर तो सांधा पहिले काही आठवडे कसाबसा तग धरतो. अशा सांध्यावर यंत्राचा दाब मिनिटाला पंधरा-वीस वेळा पडत राहणे कोणत्याही शल्यचिकित्सकाला आवडत नाही.

दुसरी गोष्ट मज्जातंतूंची. फुप्फुस दात्याच्या शरीरातून काढताना त्याचे मज्जातंतू कापले जातात आणि ते टाके घालून जोडता येत नाहीत. परिणामी सांध्याच्या खाली साचलेला कफ रुग्णाला जाणवतच नाही. आपल्याला घशात कण अडकला तरी ठसका लागतो. या रुग्णाच्या फुप्फुसात वाटीभर कफ साचला तरी खोकल्याची उबळ येत नाही. कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचालही मंदावलेली असते. त्याने जाणीवपूर्वक, ठरवून, घड्याळ पाहून खोकायचे असते. घशात नळी असलेला, गुंगीत असलेला माणूस असे कसे खोकणार?

तिसरी गोष्ट लसीकावाहिन्यांची. फुप्फुसात झिरपलेले पाणी परत वाहून नेणाऱ्या या सूक्ष्म वाहिन्याही कापल्या जातात. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत नवे फुप्फुस ओल्या स्पंजासारखे होण्याची भीती असते. आता येथे एक साखळी कशी तयार होते ते पाहा. नळी सहन व्हावी म्हणून रुग्णाला गुंगीचे औषध द्यावे लागते. त्या औषधाने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. रक्तदाब सावरण्यासाठी सलाइन द्यावे लागते. ते पाणी जाते कोठे? ज्या फुप्फुसातून त्याचा निचरा होत नाही, तेथेच. फुप्फुस ओले झाले की यंत्राचा दाब वाढवावा लागतो, दाब वाढला की गुंगी वाढवावी लागते, आणि फेरा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पुष्कळ वेळा हा फेरा तोडण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे रुग्णाला जागे करणे आणि नळी काढणे.

याच्या जोडीला जंतुसंसर्ग आहेच. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली आणलेली असते. तोंडातील जंतूंना फुप्फुसाची थेट वाट दाखविणारी नळी अशा माणसाच्या घशात जितके तास राहील, तितका धोका वाढतो.

आणि स्नायू? २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो मला आजही अस्वस्थ करतो. मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे त्यांनी तपासले. हे दाते १८ ते ६९ तास यंत्रावर होते आणि त्यांचे श्वासपटल त्या काळात पूर्ण निश्चल होते. त्यांच्या स्नायुतंतूंच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ, छातीच्या अल्पकालीन शस्त्रक्रियेसाठी आलेल्या इतर रुग्णांच्या तुलनेत, निम्म्याहून कमी भरले. जन्मापासून एक क्षणही न थांबलेला हा स्नायू दोन-तीन दिवसांच्या सक्तीच्या विश्रांतीत असा झिजतो. यंत्र म्हणजे विसावा, ही समजूत तपासून पाहिली पाहिजे, असे मी म्हणतो ते यासाठी.

ही तयारी नळी काढण्याच्या क्षणी नव्हे, भूल देण्याआधीच सुरू होते. अंमल लवकर उतरेल अशी औषधे निवडायची, शरीर थंड पडू द्यायचे नाही, पाणी मोजून द्यायचे. दोन्ही फुप्फुसांच्या प्रत्यारोपणात बहुधा एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, छातीचे मधले हाड आडवे कापून, शिंपला उघडावा तशी छाती उघडावी लागते. ती वेदना आवरली नाही तर पुढचे सारे व्यर्थ. म्हणून पाठीच्या मणक्याजवळ एक केसासारखी बारीक नळी ठेवून, तीमधून फक्त छातीचा भाग बधिर करणारे औषध सोडले जाते. रुग्ण शुद्धीवर राहतो, वेदना मात्र बोथट होते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ही नळी घालण्यात रक्तस्रावाचा धोका असतो, त्यामुळे हा निर्णयही सोपा नसतो. शस्त्रक्रिया संपताना दुर्बिणीने श्वासनलिकेतील सांधे पाहिले जातात, कफ आणि रक्त शोषून घेतले जाते.

मग कसोटी. रुग्ण शुद्धीवर आहे का, ‘हात दाबा’ म्हटल्यावर दाबतो का, रक्तदाब स्थिर आहे का, रक्तस्राव थांबला आहे का, हे पाहिले जाते. त्यानंतर प्राणवायूचा हिशेब मांडला जातो. समजा रुग्णाला ४० टक्के प्राणवायू दिला जात आहे आणि त्याच्या धमनीतील प्राणवायूचा दाब १२० आहे, तर १२० भागिले ०.४ म्हणजे ३००. निरोगी माणसात हा आकडा चारशेच्या पुढे असतो. तो २००च्या खाली गेला आणि क्ष-किरण चित्रात दोन्ही फुप्फुसांवर पांढरट छाया दिसली, तर नवे फुप्फुस गंभीर आघातात आहे असे समजतात आणि घाई करीत नाहीत. मग यंत्राचा आधार जवळजवळ काढून घेऊन रुग्णाला अर्धा तास ते दोन तास स्वतः श्वास घेऊ देतात. मिनिटाला किती श्वास आणि प्रत्येक श्वास किती खोल, हे मोजतात. मिनिटाला वीस श्वास आणि प्रत्येकी चारशे मिलिलिटर हवा असेल तर उत्तम. पस्तीस श्वास आणि अडीचशे मिलिलिटर असेल तर तो माणूस धापा टाकतो आहे, त्याला आणखी वेळ हवा.

‘लवकर’ म्हणजे किती लवकर, याची एकच व्याख्या नाही. काही केंद्रांत शस्त्रक्रियेच्या टेबलावरच नळी काढली जाते. पुष्कळ ठिकाणी पहिल्या चोवीस तासांत काढली तर ‘लवकर’ म्हणतात, काही ठिकाणी अठ्ठेचाळीस तासांत. नळी काढल्यावर रुग्णाला वाऱ्यावर सोडत नाहीत. नाकातून उबदार, दमट प्राणवायू जोराच्या प्रवाहाने दिला जातो, गरज पडल्यास तोंडावर घट्ट मुखवटा लावून आधार दिला जातो, आणि फिजिओथेरपिस्ट त्याला त्याच दिवशी खुर्चीत बसवतो. उशी छातीशी घट्ट धरून खोकायला शिकवतो.

आता दुसरी बाजू सांगितली नाही, तर मी आपल्याशी अप्रामाणिक ठरेन. काही वर्षांपूर्वी एका भगिनींचे प्रत्यारोपण झाले, भूल मी दिली होती. सारे आकडे चांगले होते. सहाव्या तासाला मी नळी काढली. पाठीतल्या नळीचे औषध डाव्या बाजूला नीट पोहोचत नव्हते, हे मला ठाऊक होते. शिरेतून औषध देऊन भागेल, असे मी स्वतःला समजावले. खरे सांगायचे तर लवकर नळी काढल्याचे समाधान मला हवे होते. संध्याकाळपर्यंत त्या वेदनेमुळे वरवर श्वास घेऊ लागल्या. रात्री अडीच वाजता प्राणवायू घसरला. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग कफाने बंद झाला होता. नळी पुन्हा घालावी लागली, दुर्बिणीने कफ काढावा लागला. तिसऱ्या दिवशी, वेदना पूर्ण आटोक्यात आल्यावर, ती नळी दुसऱ्यांदा काढली, आणि पुढे त्या चालत घरी गेल्या. नंतर भेटल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, मला खोकलाच येत नव्हता हो. आत काही साठलंय हे कळतच नव्हतं.” मज्जातंतू कापले जातात हे मी पुस्तकात शंभर वेळा वाचले होते. त्यांच्या तोंडून ऐकले तेव्हा ते मला कळले. त्या दिवसापासून मी नळी काढण्यापूर्वी रुग्णाला जोरात खोकायला सांगतो. खोकला दुबळा वाटला किंवा खोकताना चेहरा वेदनेने पिळवटला, तर आकडे कितीही सुंदर असोत, थांबतो.

म्हणून ही शर्यत नव्हे. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतील दाब वर्षानुवर्षे वाढलेला असलेल्या रुग्णांचे हृदय नव्या परिस्थितीला सरावायला वेळ घेते; त्यांना अनेकदा मुद्दाम काही दिवस शांत निजवून ठेवतात. कृत्रिम फुप्फुसाच्या यंत्रावर, म्हणजे एक्मोवर, आठवडेच्या आठवडे काढून मग शस्त्रक्रियेला आलेल्या माणसाच्या अंगात खोकण्याचे बळच नसते. करोनानंतर आपल्या देशात असे काही रुग्ण प्रत्यारोपणाला आले. अशांच्या गळ्याला छिद्र पाडून हळूहळू यंत्र सोडवणे, हाच शहाणपणाचा मार्ग असतो. तेही अपयश नव्हे. आणखी एक गोष्ट. ज्यांची नळी लवकर निघाली ते रुग्ण लवकर घरी गेले, त्यांना गुंतागुंत कमी झाली, असे बहुतेक अहवाल सांगतात. पण ज्यांची प्रकृती मुळात बरी होती त्यांचीच नळी लवकर निघाली, हेही तितकेच खरे असते. लवकर काढल्यामुळे बरे झाले, की बरे होते म्हणून लवकर काढता आली, हे वेगळे करणे कठीण आहे. मला स्वतःला पहिल्या कारणात बरेच तथ्य वाटते. फुप्फुसाची रचनाच तसे सांगते. तरी जो डॉक्टर ‘आमच्याकडे सगळ्यांची नळी टेबलावरच निघते’ असे सांगेल, त्याच्याकडे मी थोडे सावधपणे पाहीन.

त्या दुपारी दूरध्वनीवर मी त्या मुलाला चारच प्रश्न विचारले होते. अण्णा जागे आहेत का? बोलताहेत का? त्यांना कोणी खोकायला लावतंय का? नाकात प्राणवायू आहे का? चारही उत्तरे ‘हो’ आली. मग मी म्हणालो, “अरे, मग पैशाचा काय संबंध? त्यांना यंत्राची गरज उरली नाही, एवढाच त्याचा अर्थ.” तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, “पण ते पाणी मागताहेत काका, आणि नर्स देत नाही.” तेही बरोबर होते. इतक्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर गिळण्याचे तंत्र बिघडलेले असू शकते आणि प्रेमाने पाजलेला एक घोट नव्या फुप्फुसात उतरू शकतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत ओठ ओले करण्यापलीकडे काही करू नये.

आपल्यापैकी कोणावर कधी अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसण्याची वेळ आली, प्रत्यारोपणासाठी असो वा अन्य कशासाठी, तर ‘नळी कधी काढणार’ एवढेच विचारून थांबू नका. ‘नळी कशासाठी ठेवली आहे’ हे रोज विचारा. आज रुग्णाला जागे करून पाहिले का, वेदना आटोक्यात आहे का, खोकला कसा आहे, आणि नळी काढल्यावर त्रास झाला तर पुन्हा घालण्याची तयारी आहे का, हेही विचारा. पुन्हा घालावी लागली तर खचू नका. आणि आत जायला मिळाले की रुग्णाच्या उशाशी बसून रडू नका. त्याच्या हातात उशी द्या आणि त्याला खोकायला सांगा. दर तासाला सांगा. तो चिडेल. माझे सगळेच रुग्ण चिडतात.

ज्यांना काही विचारायचे असेल त्यांच्यासाठी मी कार्यक्रमानंतर खाली कार्यालयात थांबणार आहे.